पेटी उघडतांना : संगणकांतील नांवांचा एक धडा



आई स्वयंपाकघरांत जो मिसळणाचा डबा वापरते तो तुम्हीं पाहिलाच आहे. एका वाटोळ्या डब्यांत सहा-सात वाट्या; एकींत मोहरी, एकींत जिरें, एकींत हळद, एकींत तिखट. फोडणी करतांना आई सगळा डबा ओट्यावर उपडा करीत नाहीं. जी वाटी हवी तींतून चिमूटभर घेते आणि झांकण लावते. संगणकाच्या आज्ञावलींतही असाच एक डबा असतो. तो उपडा केल्यानें काय अनर्थ होतो व तो कसा उघडावा, याविषयीं चार शब्द लिहावयाचे योजिले आहेत. विषय कोरडा वाटेल; परंतु त्यांत आमच्या प्रयोगशाळेंत घडलेली एक गोष्ट आहे, आणि त्या गोष्टींत चूक माझी होती, हें आरंभींच सांगून ठेवितों.

डबा आणि कप्पे

गणित करणाऱ्या आज्ञावलींत आपण संख्यांना नांवें देतों. अशा नांव दिलेल्या जागेला 'चल' म्हणतात. चल म्हणजे चिठ्ठी लावलेली बरणीच समजा. तिचा एक नियम पक्का ध्यानांत ठेवावा : एका बरणींत एका वेळीं एकच वस्तु राहते. 'लांबी' या बरणींत १ होता आणि तुम्हीं तींत २ घातले, तर १ नाहींसा होतो. संगणक त्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीं, कारण जुनी किंमत टाकून नवी घेणें हें त्याचें रोजचेंच काम आहे.

परस्परांशीं संबंध असलेल्या पुष्कळ संख्या एकत्र ठेवावयाच्या असल्या म्हणजे त्यांची एक 'संरचना' करतात. इंग्रजींत हिलाच स्ट्रक्चर म्हणतात. हा झाला आपला डबा. त्यांतील प्रत्येक नांवाची जागा म्हणजे एक कप्पा. 'साधन' नांवाच्या संरचनेंत 'दोरा' हा कप्पा असेल, तर तो 'साधन.दोरा' असा लिहितात. मधल्या टिंबाचा उच्चार आपण मराठींत 'चा, ची, चें' असा करावा : साधनाचा दोरा. ही युक्ति जुनी आहे. १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या कोबॉल भाषेंत तर टिंबाच्या जागीं इंग्रजींतील षष्ठीचा शब्दच लिहीत. वर्गांत तीन रूथ असल्या म्हणजे हजेरी घेतांना आम्ही आडनांव उच्चारतों, त्यांतलाच हा प्रकार. नुसत्या नांवानें घोंटाळा होतो. कोणाचें नांव तें सांगितलें कीं घोंटाळा मिटतो.

आमच्या शाळेंत आम्ही ऑक्टेव्ह ही विनामूल्य मिळणारी आज्ञाभाषा वापरतों. तिची पहिली पूर्ण आवृत्ति १९९४ सालीं निघाली. संगीतांतील सप्तकाशीं तिच्या नांवाचा संबंध नाहीं. रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून तें पडलें. तिचें वळण मॅटलॅबचें आहे. मॅटलॅब ही प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठांत रचली. फोर्ट्रानमध्यें लांबलचक आज्ञावली न लिहितां विद्यार्थ्यांना संख्यांच्या चौकटींचीं गणितें करतां यावीं, हा त्यांचा हेतु होता. त्या पहिल्या मॅटलॅबमध्यें अशी चौकट हा एकच प्रकार होता. संरचना हा प्रकार १९९६ सालच्या पांचव्या आवृत्तींत आला. या भाषांत नांवें रोमन लिपींत लिहावीं लागतात. येथें मात्र वाचकांच्या सोयीसाठीं तीं मराठींत देत आहें.

घडलेली गोष्ट

दहावीच्या मुलांनीं साध्या लंबकाचा प्रयोग केला. दोऱ्याला धातूचा गोळा टांगावयाचा, त्याला झोंका द्यावयाचा, वीस दोलनांस लागणारा वेळ मोजावयाचा, आणि त्यावरून पृथ्वीचें गुरुत्वीय त्वरण काढावयाचें. सूत्र सोपें आहे : पायच्या वर्गाला ४ नें व लंबकाच्या लांबीनें गुणावें आणि एका दोलनाच्या काळाच्या वर्गानें भागावें. लंबकाची लांबी मात्र दोऱ्याइतकी नसते. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावयाची असते. आमचा दोरा ०.९८५ मीटर व गोळ्याची त्रिज्या ०.०१५ मीटर, म्हणून लांबी बरोबर १ मीटर.

मुलांचा वेळ वांचावा म्हणून मीं एक आज्ञावली लिहून दिली. तींत दोन डबे होते. 'साधन' या डब्यांत 'दोरा' आणि 'त्रिज्या'. 'वाचन' या डब्यांत 'दोलनें' आणि 'वेळ'. प्रत्येक ठिकाणीं टिंब देऊन लिहिण्याचा मला कंटाळा आला. म्हणून मीं अशी युक्ति केली कीं, डब्यांतील सर्व कप्प्यांचीं नांवें संगणकानेंच वाचावीं, आणि प्रत्येक नांवाचें एक स्वतंत्र चल आपोआप तयार करावें. 'इव्हॅल' नांवाची एक आज्ञा आहे. तिला अक्षरांचा मजकूर दिला कीं ती तो मजकूर आज्ञा समजून अमलांत आणते. तिच्या साहाय्यानें सर्व कप्पे दोन ओळींत मोकळे होत. आज्ञावलीचा क्रम असा होता :

१. 'साधन' डबा उपडा करा.
२. लांबी = दोरा + त्रिज्या
३. 'वाचन' डबा उपडा करा.
४. काल = वेळ ÷ दोलनें
५. त्वरण = ४ × पाय² × लांबी ÷ काल²

बहुतेक मुलांचीं उत्तरें ९.७७ च्या जवळपास आलीं. आपल्या कोंकणपट्टीच्या अक्षांशावर समुद्रसपाटीजवळ हें त्वरण सुमारें ९.७९ असतें, तेव्हां शाळेच्या साधनांनीं आलेलें हें उत्तर समाधानकारकच होतें. एका मुलीचें उत्तर मात्र ९.६३ आलें. मीं तिला म्हटलें, "बाळ, तुझा हात घड्याळावर उशिरां पडत असावा. पुन्हां मोज." तिनें मधल्या सुटींत पुन्हां मोजलें. उत्तर तेंच. तिसऱ्यांदां मोजलें, तरीही तेंच. इतर मुलें पुढच्या प्रयोगास लागलीं आणि ती एकटी त्या दोऱ्यापाशीं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीं ती आपली वही घेऊन माझ्याकडे आली. वीस दोलनांस ४०.२ सेकंद, म्हणून एका दोलनास २.०१ सेकंद, त्याचा वर्ग ४.०४०१. लांबी १ मीटर. हातानें केलेल्या त्या हिशेबाचें उत्तर ९.७७ होतें. "सर, माझ्या वहींत उत्तर बरोबर येतें, आणि संगणकांत घातलें कीं चुकतें," ती म्हणाली. तिच्या आवाजांत तक्रार नव्हती. पण डोळ्यांत पाणी होतें.

मग मीं तिचा 'वाचन' डबा उघडून पाहिला. त्यांत दोन नव्हे, तीन कप्पे होते. ही मुलगी मोठी काळजीपूर्वक काम करणारी. प्रत्येक वाचनाशेजारीं मापें लिहावीं असें मींच शिकविलें होतें. म्हणून तिनें 'लांबी' असा एक कप्पा वाढवून त्यांत दोऱ्याचें माप ०.९८५ लिहून ठेविलें होतें. दुसऱ्या ओळींत 'लांबी' १ झाली खरी, परंतु तिसऱ्या ओळींत तिचा डबा उपडा होतांच त्याच नांवाच्या बरणींत ०.९८५ येऊन पडले आणि १ नाहींसा झाला. संगणकानें हूं कीं चूं केलें नाहीं. शंभरांत दीड इतकी ती चूक. उत्तर दुप्पट आलें असतें तर कोणीही आज्ञावलीवर संशय घेतला असता; परंतु थोडी चूक माणसाच्या हाताची वाटते. मुलीचा हात खरा होता. माझी आज्ञावली खोटी होती. मीं वर्गापुढें तिची क्षमा मागितली, आणि त्याच दिवशीं ती आज्ञावली नव्यानें लिहिली.

चूक कोठें होती ?

कोणी म्हणेल, मुलीनें जादा कप्पा घातला ही चूक. तसें नाहीं. डब्यांत नवा कप्पा घालणें हें निरुपद्रवी असावयास पाहिजे. संरचना असते तीच त्यासाठीं. दोष असा होता कीं, माझ्या आज्ञावलींत कोणतीं नांवें निर्माण होणार हें आज्ञावली वाचून कळत नव्हतें. तें दुसऱ्यानें भरलेल्या डब्यावर अवलंबून होतें. काल बिनचूक चाललेली आज्ञावली आज एक अक्षरही न बदलतां चुकूं लागली, तें यामुळेंच.

याच युक्तींत आणखीही कांहीं खड्डे आहेत.

पहिला शिळ्या किंमतीचा. समजा, एकामागून एक तीस मुलांचे डबे उपडे करावयाचे आहेत आणि अकराव्या मुलाच्या डब्यांत 'वेळ' हा कप्पाच राहून गेला. 'वेळ' या बरणींत दहाव्या मुलाची किंमत तशीच पडून असते. संगणक तीच घेतो आणि अकराव्याला दहाव्याचें उत्तर देतो. 'वाचन.वेळ' असें स्पष्ट लिहिलें असतें तर असा कप्पा नाहीं म्हणून काम तेथेंच थांबलें असतें. थांबणारी आज्ञावली त्रासदायक असते खरी. परंतु न थांबतां खोटें सांगणारी त्याहून वाईट.

दुसरा भाषेच्या स्वतःच्या नांवांचा. मॅटलॅबमध्यें 'आय' या एका रोमन अक्षरानें उणें एकचें वर्गमूळ दर्शविलें जातें, आणि पदार्थविज्ञानांत तेंच अक्षर विद्युत्-धारेसाठीं वापरतात. फंक्शनच्या आंत डबा उपडा करून 'आय' हें चल निर्माण केलें, तर आज्ञावली आधीं वाचतांना संगणकाला तें चल कोठेंच दिसलेलें नसतें. म्हणून तो त्याचा अर्थ वर्गमूळ असाच धरण्याचा संभव असतो. मग २ अँपियर धारेला ५ ओहम रोधानें गुणून १० व्होल्ट यावयाचे, त्याऐवजीं एक काल्पनिक संख्या हातीं येते. 'बीटा' व 'गॅमा' या नांवांचीही तीच गत, कारण तीं गणितांतील फलांचीं नांवें म्हणून भाषेंत आधींच घेतलेलीं आहेत.

तिसरा परक्या मजकुराचा. इव्हॅल ही आज्ञा जें दिलें तें करते. बाहेरून आलेल्या फाईलींतील मजकूर तिच्या हातीं दिला, तर तो मजकूर लिहिणारा आपल्या संगणकाचा धनी होतो. अनोळखी माणसाच्या हातीं घराची किल्ली आपण देत नाहीं. तोच विवेक येथें पाळावा.

हा अनुभव एकट्या मॅटलॅबचा नाहीं. जावास्क्रिप्ट भाषेंत वस्तूचे कप्पे नुसत्या नांवानें वापरूं देणारी 'विथ' नांवाची सोय होती; २००९ सालीं त्या भाषेच्या नियमांत जी कडक पद्धति आली तींत ती सोय वर्ज्य केली गेली. पायथॉनमध्यें नमपाय या गणित-संग्रहांतील सगळीं नांवें सरसकट मोकळीं केलीं, तर भाषेच्या मूळ 'सम'वर, म्हणजे बेरजेवर, नमपायचें 'सम' येऊन बसतें. ० ते ४ या संख्या व त्यांपुढें उणें १ दिल्यास मूळ 'सम' उणें १ पासून बेरीज सुरू करून ९ सांगतें. नमपायचें 'सम' त्या उणें १ चा अर्थ दिशा असा घेऊन १० सांगतें. ओळ तीच, उत्तर निराळें.

सुरक्षित रीति

मग डबा उघडावयाचाच नाहीं काय ? उघडावा, पण विचारानें. मी आतां पुढील नियम पाळतों.

पहिला नियम : शक्य तर डबा उघडूंच नये. 'साधन.दोरा + साधन.त्रिज्या' असें लिहावें. चार अक्षरें जास्त लागतात, पण कोणाचा दोरा तें वाचणाऱ्याला कळतें.

दुसरा नियम : सूत्र लांब असून टिंबांनीं वाचण्यास अवघड होत असेल, तर हवे तेवढेच कप्पे हातानें, नांव घेऊन बाहेर काढावे :

दोरा = साधन.दोरा
त्रिज्या = साधन.त्रिज्या
लांबी = दोरा + त्रिज्या
वेळ = वाचन.वेळ
दोलनें = वाचन.दोलनें

येथें डाव्या बाजूचें प्रत्येक नांव मीं लिहिलें आहे. डब्यानें तें ठरविलेलें नाहीं. 'वाचन' डब्यांत 'लांबी' असो वा आणखी पन्नास कप्पे असोत, माझ्या 'लांबी'ला धक्का लागत नाहीं. सर्व धड्याचें सार या एका वाक्यांत आहे : चलाचें नांव आज्ञावली लिहिणारानें ठरवावें, माहिती भरणारानें नव्हे.

तिसरा नियम : कप्पे नांवानें काढावे, क्रमानें नव्हे. सर्व कप्प्यांची रांग करून पहिला याला, दुसरा त्याला, असें वाटण्याची एक रीत आहे. कप्पे ज्या क्रमानें घातले त्याच क्रमानें ते बाहेर येतात. कोणीं 'वेळ' आधीं व 'दोलनें' मागून भरलीं, तर ४०.२ दोलनें आणि २० सेकंद होतील व त्वरण १५९ च्या वर जाईल. ही चूक निदान डोळ्यांत भरते. परंतु 'दोरा' व 'त्रिज्या' यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि चूक दडून बसते. पुढें कधीं कोणीं त्रिज्या वापरली म्हणजे ती उघडी पडते. ज्युलिया या नव्या भाषेनें २०२१ सालच्या १.७ आवृत्तींत डावीकडे नांवें लिहून तेवढेच कप्पे नांवानें बाहेर काढण्याची सोय भाषेंतच करून दिली आहे.

चौथा नियम : उघडण्यापूर्वीं तपासावें. हवे ते कप्पे डब्यांत आहेत काय, वेळ शून्याहून अधिक आहे काय, दोलनांची संख्या पूर्णांक आहे काय, हें आरंभींच पाहावें. कांहीं कमी असेल तर 'वाचनांत वेळ नाहीं' असें स्पष्ट सांगून थांबावें.

पांचवा नियम : फाईल उघडतांनाही हाच न्याय लावावा. मॅटलॅब व ऑक्टेव्ह यांत 'लोड' ही आज्ञा नुसती दिली तर फाईलींतील सर्व चलें आपल्या चलांत येऊन मिसळतात. परंतु 'नोंद = लोड(...)' असें लिहिलें कीं तीं सर्व 'नोंद' या एका डब्यांत बंद राहतात.

सहावा नियम : सर्व कप्पे मोकळे करणें अगदीं अटळच झालें, तर आधीं दोन याद्या ताडून पाहाव्या : डब्यांतील नांवें आणि वापरांत असलेलीं नांवें. एकही नांव दोहोंत सांपडलें तर पुढें जाऊं नये.

शेवटचे दोन शब्द

पालकांनीं हें वाचतांना विचारावें कीं, टिंबाच्या या गोष्टीशीं आमच्या मुलांच्या चारित्र्याचा काय संबंध ? मला तो जवळचा वाटतो. शुभवर्तमानांतील दाखल्यांत धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो. संख्या हातीं घेणारा प्रत्येक जण असा कारभारी आहे. आज लंबकाचें उत्तर चुकलें. उद्यां हींच मुलें औषधाची मात्रा, पुलाचा भार, पेढीचें व्याज काढतील. त्या वेळीं 'संगणकानें सांगितलें' हें उत्तर धन्यापुढें चालणार नाहीं. कोणती संख्या कोठून आली हें सांगतां आलें पाहिजे, आणि तें सांगतां यावें अशा रीतीनेंच आज्ञावली लिहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठीं, म्हणजे प्रथम माझ्यासाठीं. यंत्राचें उत्तर व मुलाची वही यांत फरक पडला, तर आधीं वही पाहावी. त्या मुलीनें हातानें हिशेब केला नसता, तर तिचा हात चुकतो हा समज तिच्या मनांत कायमचा राहिला असता, आणि तो मीं घातलेला असता.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वरील पांच ओळींच्या आज्ञावलींत दुसरी ओळ तिसरीच्या खालीं नेली असती, तर त्या मुलीचें उत्तर बरोबर आलें असतें. तरीही ही खरी दुरुस्ती नव्हे; कां ? दुसऱ्या एखाद्या कप्प्याचें उदाहरण घेऊन सांगा.

२. 'वाचन' डब्यांत कोणीं 'त्रिज्या' असा कप्पा वाढविला, तर मूळ आज्ञावलीच्या उत्तरांत फरक पडेल काय ? ओळींचा क्रम पाहून उत्तर द्या.

३. तुमच्या वहींतील कोणताही एक हिशेब घ्या. त्यांतील प्रत्येक संख्या कोठून आली तें तिच्यासमोर लिहा. जिच्यासमोर कांहीं लिहितां आलें नाहीं, ती संख्या पुन्हां मोजा.